प्राथमिक शाळा आणि पालक : जालना जिल्ह्यातील धर्मग्रामांसाठी माहिती

मूल शाळेत घातले की पालकांचे काम फी भरणे, गणवेश व वह्या-पुस्तके घेणे आणि वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकावर सही किंवा अंगठा करणे एवढेच उरते, असा समज आपल्या धर्मग्रामांत अद्याप दृढ आहे. शाळांचाही समज फारसा वेगळा नाही. सूचनाफलकावर कागद लावला, मुलाच्या डायरीत चिठ्ठी चिकटवली, म्हणजे पालकांना कळविण्याचे कर्तव्य पार पडले असे पुष्कळ ठिकाणी मानले जाते. या दोन्ही समजुतींना ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आधार नाही आणि देशाच्या कायद्यातही नाही. पहिली ते पाचवीच्या मुलांचे पालक व त्यांची शाळा यांच्यातील संबंध कसा असावा, त्याबाबत कोणते नियम आहेत आणि जालना जिल्ह्यात ते अमलात आणताना कोठे अडते, याची माहिती श्रद्धावंतांना एकत्रित मिळावी म्हणून हा लेख दिला आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती. त्या वेळी राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. जालन्याची त्याहून बरीच कमी आणि स्त्रियांची तर फारच कमी होती. त्या काळी ज्या आया निरक्षर होत्या, त्यांपैकी अनेकजणी आज आजी म्हणून नातवंडांना सांभाळत आहेत. शाळेची चिठ्ठी त्यांच्याच हाती पडते, हे पुढील विवेचन वाचताना लक्षात ठेवावे.

ख्रिस्तसभा काय सांगते

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसृत केला. आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, हे त्यात निःसंदिग्धपणे मांडले आहे. शाळा त्यांना साहाय्य करते, त्यांची जागा घेत नाही. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी २२ नोव्हेंबर १९८१ च्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात हाच विचार पुढे नेला आणि पालकांनाही बजावले, की शिक्षकांशी व शाळाप्रमुखांशी सौहार्दाचा आणि सक्रिय संबंध ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. जबाबदारी एकट्या शाळेची नाही.

याहून नेमका आदेश १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत आहे. कॅनन ७९६ च्या दुसऱ्या परिच्छेदानुसार पालकांनी आपल्या मुलांच्या शिक्षकांशी निकटचे सहकार्य करावयाचे आहे. शिक्षकांनीही पालकांच्या सोबतीने काम करावयाचे आहे, त्यांचे म्हणणे मनापासून ऐकून घ्यावयाचे आहे, पालकांच्या संघटना किंवा सभा स्थापन करावयाच्या आहेत आणि त्या सभांना मोठा मान द्यावयाचा आहे. सेमिनरीत कायदेसंहिता शिकताना विवाहसंस्काराचे कॅनन महिनोन्‌महिने घोकले जातात. हा कॅनन मात्र एका तासात मागे पडतो. परिणाम आपल्यासमोर आहे. पालकसभा होते, व्यासपीठावरून दोन भाषणे होतात, फीच्या तारखा व शिस्तीचे नियम सांगितले जातात आणि सभा संपते. ऐकून घेण्याचा भाग राहून जातो, आणि कायद्याने तर तो सभेच्याही आधी नमूद केला आहे.

देशाचा कायदा आणि आपल्या शाळा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांविषयी त्यांना माहिती देणे हे प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. कलम २१ नुसार शासकीय, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. आपली बहुतांश खेड्यांतील ख्रिस्ती मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. तेव्हा या समितीवर बसण्याचा हक्क आपल्या श्रद्धावंतांनाही आहे, हे त्यांना माहीत असले पाहिजे.

मिशनच्या शाळांची स्थिती निराळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीचे काम केवळ सल्ला देण्यापुरते राहिले. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमाती प्रकरणात निर्णय दिला, की हा अधिनियम अनुदानित वा विनाअनुदानित कोणत्याही अल्पसंख्याक शाळेला लागू होत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांसमोर ठेवण्याचा निर्देश दिला. याखेरीज राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने विनाअनुदानित खासगी शाळांतही पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तो स्थापन करावा लागतो. त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून निवडली जाते आणि तीन महिन्यांतून किमान एकदा तिची सभा व्हावी लागते. मर्जीतले चार पालक घेऊन समिती बनवू नये, हाच चिठ्ठ्या टाकण्यामागचा हेतू आहे.

अल्पसंख्याक म्हणून मिळालेले संरक्षण हे आपल्या शाळांचा स्वभाव जपण्यासाठी आहे. पालकांना उत्तर द्यावे लागू नये म्हणून त्याचा आधार घेणे सर्वस्वी गैर होय. न्यायालयाचा अंतिम निर्णय काहीही लागो. कॅनन ७९६ ला सूट नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शेतमजूर आईला जो प्रश्न विचारता येतो, तो मिशनच्या शाळेतील आईला विचारता येत नसेल, तर आपण कोणत्या तोंडाने पालकांना प्रथम शिक्षक म्हणतो, याचा विचार संस्थाचालकांनी करावा.

कोयत्याचे वेळापत्रक

जालना जिल्ह्यात हा विषय निव्वळ सभा आणि समित्यांचा नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जातात, काही कर्नाटकात, तर काही गोदाकाठच्या जवळच्या कारखान्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत, कुटुंब कोपीवर राहते. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते आणि एप्रिलअखेर संपते. अर्थात ऊसतोड कुटुंबाला गावातली शाळा केवळ पहिल्या सत्रापुरती मिळते. मूल सोबत गेले तर दुसरे सत्र फडात जाते. तेथे ते धाकट्या भावंडाला सांभाळते, पाचट गोळा करते, मोळ्या उचलू लागते. अशा कुटुंबांत आपलीही कुटुंबे आहेत.

शाळा आणि पालक यांच्यातील संवाद येथे कळीचा ठरतो. गावी राहिलेल्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ती चालविली जातात. मुले आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था वसतिगृहातून होते. परंतु वसतिगृह मागायचे तर किती मुले मागे राहणार याची यादी वेळेत हवी. ती यादी पालकांशी बोलल्यावाचून होत नाही. पालकांचा जाण्याचा निर्णयही दिवाळीत होत नसतो. उचल पावसाळ्यातच घेतली जाते आणि त्याच वेळी कोयता पक्का होतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये बोलावलेली पालकसभा या कुटुंबांच्या दृष्टीने उशिराची असते. ती जुलै-ऑगस्टमध्येच व्हावयास हवी, आणि तीत एकच विषय असावा : यंदा कोण जाणार, मूल कोणाजवळ राहणार, त्या घरच्या मोठ्या माणसाचे नाव काय.

आजीचे किंवा मामाचे नाव हजेरीपटाशेजारी नोंदवलेले असणे ही क्षुल्लक बाब नव्हे. दुसऱ्या सत्रात मूल आजारी पडले, चार दिवस आले नाही, तर शिक्षकाने कोणाकडे जावे? अनेक शाळांत अधिकृत पालक म्हणून केवळ वडिलांचे नाव व दूरध्वनी असतो आणि वडील दोनशे कोसांवर फडात असतात. सहा महिने ज्या आजीच्या भरवशावर मूल शिकते, तिला शाळेच्या लेखी अस्तित्वच नसते. तिला पालकसभेचे निमंत्रण मिळाले पाहिजे, आणि तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. मुलींच्या बाबतीत याची निकड अधिक आहे. मोठ्या मुलीला मागे ठेवण्यास आईवडील धजत नाहीत. भीती सुरक्षिततेची असते आणि ती खोटी नसते. रात्री मुलगी कोठे झोपेल, सोबत कोण असेल, याचे विश्वासार्ह उत्तर शाळेने व गावाने दिले तरच ती राहते.

मूल सोबत नेणे अटळ असेल तर शिक्षण विभागाचे शिक्षण हमी कार्ड शाळेकडून मागून घ्यावे. त्याच्या आधारे जेथे कुटुंब जाईल तेथील जवळच्या शाळेत मुलाला बसता येते आणि परत आल्यावर गावच्या शाळेत पुन्हा सामावून घेतले जाते. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून कोणत्याही शासकीय वा अनुदानित शाळेने प्रवेश नाकारू नये, असेही कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. एके काळी छत्रपती संभाजीनगरच्या जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या परिसरात चालविलेल्या साखरशाळा पुष्कळांना आठवत असतील. आता भर मुलांना गावातच ठेवण्यावर आहे. ते योग्यच आहे. फक्त ठेवणाऱ्या घराला शाळेचा आधार हवा. थोड्या मोठ्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक याप्रमाणे ८२ वसतिगृहांची ही योजना असून पहिल्या टप्प्यात जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी या तालुक्यांचा समावेश झाला. पाचवीच्या उंबरठ्यावरील मुलांच्या पालकांनी तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयाकडे करावी.

कोणत्या भाषेत, कोणाच्या हाती

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागद उर्दूत येत आणि आपल्या आजोबा-पणजोबांना ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. आज इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून पालकांना जाणारी सूचना इंग्रजीत असते आणि बांधकामावर काम करणारा बाप ती शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून वाचून घेतो. फरक एवढाच, की ही शाळा त्याने स्वतः निवडलेली असते आणि फीही तोच भरतो. इंग्रजी माध्यम म्हणजे मुलाच्या शिकण्याचे माध्यम होय. पालकांशी बोलण्याची भाषा मराठीच असावी. ज्या शाळांत हिंदी वा उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत, किंवा तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले येतात, तेथे सभेत त्या भाषेत दोन शब्द सांगणारा एखादा पालक सहज मिळू शकतो.

व्हॉट्सॲपच्या गटांमुळे शाळांचे काम सोपे झाले आहे, पण त्यांच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. घरातला फोन बहुधा वडिलांजवळ असतो आणि मुलाची तयारी आई करते. निरक्षर पालकांसाठी लिहिलेल्या सूचनेऐवजी आवाजाचा संदेश पाठवावा. तो फडातही ऐकता येतो आणि बाईंचा ओळखीचा आवाज ऐकून आईला धीर येतो. फीच्या तगाद्यासाठी मात्र हा गट कदापि वापरू नये. चारचौघांत थकबाकीदारांची नावे वाचली गेली की ते पालक पुन्हा शाळेची पायरी चढत नाहीत, आणि कधीकधी मूलही येईनासे होते.

प्रगतिपुस्तकाविषयीही एक सूचना करावीशी वाटते. श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी पुष्कळ पालकांना उमगत नाहीत. ‘ब-१’ म्हणजे काय, हे विचारण्याचा संकोच वाटतो म्हणून ते सही करून कागद परत देतात. त्याऐवजी मुलाला पालकांसमोर चार ओळी वाचावयास लावाव्यात, एक वजाबाकी करावयास सांगावी. स्वतःला वाचता न येणाऱ्या आईलाही आपले मूल अडखळते आहे हे तत्काळ कळते. मग पुढे काय करावयाचे यावर बोलता येते.

सहभाग म्हणजे काय

स्नेहसंमेलनाला गर्दी करणे किंवा वर्गणी देणे यालाच पुष्कळ ठिकाणी पालकांचा सहभाग म्हटले जाते. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही; तथापि पालकांच्या मताने शाळेत एखादी गोष्ट बदलली काय, ही खरी कसोटी होय. सभेची वेळ हेच साधे उदाहरण घ्या. सकाळी अकराची सभा म्हणजे मजूर आईचा त्या दिवसाचा रोज बुडाला. तिला विचारले तर ती संध्याकाळ किंवा रविवार सांगेल.

राज्यात २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. शाळा भरण्यापूर्वी मेळावा घेऊन मुलाला सात टेबलांवरून नेले जाते. नाव नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन असा त्याचा क्रम असतो. मेळाव्यानंतर गावातील आयांचे छोटे गट केले जातात. आठवड्याला एकदा एकत्र येऊन त्या घरच्या वस्तूंनी मुलांकडून कृती करून घेतात : धान्याचे दाणे मोजणे, भांडी लहान-मोठी लावणे, गोष्ट सांगणे. यांत शिकलेली आई हवीच असे नाही. आपल्या मिशनच्या शाळांना हा उपक्रम स्वीकारण्यास कसलीच अडचण नाही. लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठका भरतात, त्याच घरांत आयांचा गटही भरू शकेल, आणि त्यात शेजारच्या इतर धर्मीय आयांनाही बोलवावे.

धर्मग्रामाने काय करावे

सेंट फ्रान्सिस द सेल्स संघाचे मिशनरी १८९२ पासून या भागात आले, तेव्हा खेड्यातील घर व मिशनची शाळा यांमधील दुवा गावोगाव फिरणारा धर्मशिक्षक होता. मूल बोर्डिंगात ठेवले की त्याची खुशाली घरी तोच सांगे आणि घरचे दुखणेखुपणे फादरांच्या कानी तोच घाली. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री या आपल्या प्रॉटेस्टंट बांधवाने बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. तेथे तर लोकवस्ती, प्रार्थना आणि शिक्षण एकाच ठिकाणी होते. चिठ्ठी पाठविण्याचा प्रश्न क्वचितच आला असेल. आता धर्मशिक्षक थोडे आहेत आणि मुले दहा ठिकाणच्या शाळांत विखुरलेली आहेत. तरीही प्रत्येक धर्मग्रामात कोणते मूल कोणत्या शाळेत आहे याची एक वही ठेवणे अशक्य नाही. कौटुंबिक भेटीला जाणाऱ्या धर्मभगिनींनी ती अद्ययावत ठेवावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा निरोप रविवारच्या मिस्सानंतर घेताना, मूल मागे राहिले असल्यास त्याची जबाबदारी धर्मग्रामातील एका घराने नावानिशी घ्यावी. त्या घराने महिन्यातून एकदा शाळेत जाऊन बाईंना भेटावे आणि जे कळेल ते फोन करून फडावर सांगावे.

पाचवीच्या पालकांसाठी विशेष सूचना

२०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ती सुरू केली. पूर्वी आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवले जात नसे. त्यामुळे सत्रभर गैरहजर राहिलेले मूलही पुढच्या वर्गात जाई. अनेक पालक अद्याप तसेच समजून आहेत. आता पाचवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी दिली जाते, आणि तीतही ते अनुत्तीर्ण झाले तर त्याच वर्गात ठेवता येते. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत ऊसतोड कुटुंबे परतीच्या वाटेवर असतात किंवा फडातच असतात. पाचवीचे मूल सोबत नेणाऱ्या पालकांनी परीक्षेची तारीख निघण्यापूर्वीच विचारून ठेवावी. परत आल्यावर, मूल परीक्षेला बसले नसेल किंवा अनुत्तीर्ण झाले असेल तर, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना भेटून पुनर्परीक्षेची तारीख, तिचे विषय आणि मार्गदर्शनाचे दिवस विचारून घ्यावेत. शाळेला सुट्टी लागली असली तरी ही माहिती देणे शाळेचे काम आहे. एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असल्यास धर्मग्रामातील कोणाला तरी सोबत न्यावे.